दख्खनच्या माळावरचे शहामृग

बेळगावजवळच्या पिरनवाडीत घराचा पाया खणायला घेतला की आधी तांबडी माती लागते, मग मुरूम, मग जांभा, आणि विहिरीइतके खोल गेले तर काळा पाषाण. इथल्या माणसांनी ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या उकरली आहे. जांभ्याचे चिरे काढून घरे बांधली, मुरूम खानापूर रस्त्याच्या कडेला आणि शेतातल्या वाटांवर पसरला. तरीही एखाद्या प्राचीन प्राण्याचे हाड हाती लागावे अशी ही जमीन नाही. सह्याद्री जवळ असल्याने पावसाळाभर पाणी मुरत राहते. ते पाणी मातीतला चुना विरघळवून घेऊन जाते आणि मागे लोह राहते, म्हणून माती तांबडी. अशा आम्लधर्मी मातीत हाड फार काळ टिकत नाही. लाखो वर्षांत या माळावरून काय काय चरून गेले असेल, पण त्याची नोंद ठेवणारी माती इथे नव्हती.

आता पाण्याबरोबर पूर्वेकडे जाऊ. बेळगावजवळून वाहणारी मार्कंडेय नदी गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते. अंतर फार नाही, पण तिकडे पाऊस निम्म्यावर येतो, माती काळी होते आणि ओढ्यांच्या दरडीत चुनखडीचे पांढरे खडे दिसू लागतात. हाड जपते ते या चुन्यामुळेच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रॉबर्ट ब्रूस फूट एकोणिसाव्या शतकात या मुलखात हिंडत होते. हे तेच फूट, ज्यांना १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार सापडले आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात झाली. गोकाकजवळ चिकदौलीच्या नाल्याकाठी मिळालेल्या जीवाश्मांवरून त्यांनी १८७४ मध्ये गेंड्याची एक नामशेष जात जाहीर केली आणि तिला दख्खनचे नाव दिले : ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस. दोन वर्षांनी, १८७६ मध्ये, त्यांचा या भागावरचा मोठा भूवैज्ञानिक ग्रंथ निघाला. ‘दक्षिण मराठा मुलूख’ असे त्या काळचे सरकारी नावच त्याच्या शीर्षकात आहे.

बेळगाव जिल्ह्यात गेंडा होता, हे आजही पुष्कळांना ठाऊक नसते. तिकडे लातूरकडच्या मांजरा खोऱ्यात पाणघोड्याचे जीवाश्म मिळाले आहेत, गोदावरीकाठी प्राचीन हत्तींचे. मात्र गेंडा आसामात अजून आहे आणि हत्ती तर आमच्या खानापूरच्या जंगलातही येतात, त्यामुळे त्यांची कल्पना करणे सोपे जाते. दख्खनच्या माळावरचा याहून नवलाचा रहिवासी म्हणजे एक पक्षी. त्याला उडता येत नव्हते. त्याची उंची माणसापेक्षा जास्त होती. त्याचे हाड महाराष्ट्रात मिळालेले नाही, मिळाले आहेत ते अंड्यांच्या कवचाचे तुकडे. हा पक्षी म्हणजे शहामृग.

हे तुकडे जिथे मिळाले ते गाव पाटणे, जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याला. पाटणादेवीच्या देवळासाठी आणि वरच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांसाठी लोक तिकडे जातात. गणिताच्या अभ्यासकांना ते ठाऊक आहे भास्कराचार्यांमुळे. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापल्याचा, तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या शिलालेखाला आठशे वर्षे झाली. त्याच गावाच्या ओढ्याकाठच्या गाळात पंचवीस हजार वर्षांपूर्वीची माणसे आपल्या वस्तू टाकून गेली होती.

१९७२-७३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी पाटण्याला उत्खनन केले. पुढे दायमाबादचे मोठे उत्खनन केले ते हेच साळी. पाटण्याला एकावर एक थर मिळत गेले : खाली जुन्या अश्मयुगाच्या हत्यारांचे, त्यावर उत्तर पुराश्मयुगाचे, आणखी वर बारीक दगडी पात्यांचे. उत्तर पुराश्मयुगाच्या थरात गारगोटीच्या जातीच्या दगडांची पाती होती आणि त्यांच्यासोबत शहामृगाच्या अंड्याची कवचे. कार्बन-१४ पद्धतीने वय आले २५,००० वर्षे, दोनशे वर्षे इकडेतिकडे. साळींचा यासंबंधीचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला.

त्या तुकड्यांपैकी एकाची कीर्ती जगभर गेली आहे. कवचाच्या बाहेरच्या गुळगुळीत बाजूवर कुणीतरी टोकदार दगडाने रेघा कोरल्या आहेत. आधी समांतर रेषा ओढून पट्टा आखून घेतला आहे आणि त्या पट्ट्यात तिरक्या रेघा एकमेकींना छेदत जाळी भरत गेल्या आहेत. तुकडा फुटका आहे, त्यामुळे नक्षी कडेला अचानक तुटते. ती मूळ अंड्यावर कुठवर गेली होती ते समजायला मार्ग नाही, पण तुटलेल्या कडेपाशीही रेघ ढिली पडलेली नाही एवढे पाहिले तरी कोरणाऱ्याच्या हाताची सवय कळते. महाराष्ट्रात माणसाने जाणूनबुजून केलेल्या नक्षीचे जे अगदी जुने नमुने आहेत त्यांत याची गणना होते. शाळेच्या इतिहासात आपली कला अजिंठ्यापासून सुरू होते. त्याच डोंगराच्या दुसऱ्या टोकाला, अजिंठ्याच्या तेवीस हजार वर्षे आधी, कुणी एका पक्ष्याच्या अंड्यावर रेघा जुळवत बसले होते. हे शाळेत शिकवायला हवे असे मला मनापासून वाटते.

अंड्याचे कवच इतके टिकते कसे, आणि ते शहामृगाचेच हे कशावरून, हे दोन प्रश्न इथे साहजिक येतात.

शहामृगाचे अंडे साधारण पंधरा सेंटिमीटर लांब आणि सुमारे दीड किलो वजनाचे असते. त्याच्या कवचाची जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या पाच-सहा पट. त्यावर दीडशे किलोचा पक्षी उबवायला बसतो तरी ते फुटत नाही. फुटलेला तुकडा हातात घेतला तर पातळ मडक्याच्या खापरीसारखा लागतो आणि शेतात पडलेला असेल तर नवखा माणूस खापरी म्हणूनच टाकून देईल. आज भारतात राहणाऱ्या कुठल्याही पक्ष्याच्या, मोराच्या नाही, माळढोकाच्या नाही, सारसाच्याही नाही, अंड्याचे कवच इतके जाड नसते. त्यामुळे जाडी मोजली की निम्मे काम होते.

उरलेले काम सूक्ष्मदर्शक करतो. कवच म्हणजे कॅल्साइटचे स्फटिक. आतल्या बाजूला त्यांचे बारीक शंकू असतात, त्यांतून वर दाट खांब उभे राहतात आणि सगळ्यात बाहेर चकचकीत लेप. पिलाला श्वास घेता यावा म्हणून या भिंतीतून आरपार छिद्रे गेलेली असतात. आफ्रिकेतल्या शहामृगाच्या कवचावर ही छिद्रे छोट्या खळग्यांत घोळक्याने येतात, दुसऱ्या मोठ्या पक्ष्यांत ती लांबट चिरांसारखी असतात. डायनोसॉरच्या अंड्यांची कवचेही जाड असतात आणि ती आपल्याकडे नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत भरपूर मिळतात. मात्र त्यांची स्फटिकरचना वेगळी, आणि ती साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात घट्ट बसलेली असतात. पाटण्याच्या गाळाशी त्यांची गल्लत होत नाही.

कॅल्साइट म्हणजे चुनाच. ज्या काळ्या मातीत आधीच चुनखडी भरलेली आहे तिथे पाण्याला विरघळवायला दुसरा चुना आयता मिळतो आणि कवच बचावते. पिरनवाडीच्या तांबड्या मातीत तेच कवच पावसाळ्यामागून पावसाळे झिजत संपले असते. सह्याद्रीला चिकटून असलेल्या पट्ट्यात काही मिळत नाही आणि पूर्वेकडे कोरड्या मुलखात मिळते, त्यामागे एवढे साधे रसायन आहे. नकाशावर जीवाश्मांची गावे मांडली तर प्राणी कुठे होते यापेक्षा चुना कुठे होता याचाच नकाशा आधी तयार होतो. ‘आमच्याकडे काही सापडले नाही, म्हणजे काही नव्हतेच’ असे म्हणताना हे ध्यानात ठेवायला हवे.

पाटणे हे एकटे ठिकाण नाही. एकोणिसाव्या शतकातच उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात केन नदीच्या काठी अशी कवचे मिळाली होती. त्याही आधी शिवालिक टेकड्यांत खुद्द हाडे मिळाली आणि फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स यांनी १८७१ मध्ये त्या पक्ष्याला आशियाई शहामृग असे शास्त्रीय नाव दिले. ती हाडे पाटण्याच्या कवचांपेक्षा कितीतरी जुनी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेश आणि राजस्थानात कवचांची ठिकाणे मिळत गेली आणि आज महाराष्ट्र धरून अशी चाळीसहून अधिक ठिकाणे माहीत आहेत. कोट्याजवळच्या चंद्रेसलची कवचे सुमारे ३९,००० वर्षांपूर्वीची आहेत. राजस्थानातल्याच काटोआटीची त्याहून जुनी, साठ हजार वर्षांच्या आसपासची.

या कवचांपैकी पुष्कळ तुकड्यांवर रेघा दिसतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्या सगळ्या माणसाने कोरल्या असाव्यात असे मानले जाऊ लागले आणि भारतातल्या प्राचीन कलेची यादी एकदम लांबली. मग ऑस्ट्रेलियातले शैलकलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी हे तुकडे भिंगाखाली तपासले. त्यांना दिसले ते असे, की बहुतेक रेघा झाडांच्या बारीक मुळांनी पाडलेल्या आहेत. जमिनीत कवचाला चिकटून वाढणारे केसासारखे मूळ आम्ल सोडते आणि त्या वाटेवरचा चुना विरघळतो. मूळ कुजून जाते, खाच राहते. अशी खाच तळाशी गोलसर असते, रुंदी सगळीकडे जवळपास सारखी, आणि ती वळते, फाटे फोडते, तुटलेल्या कडेवरूनही खाली उतरते. दगडाच्या टोकाने ओढलेली रेघ तळाशी टोकदार असते आणि टोकावरच्या खवल्यांमुळे तिच्या आत आणखी बारीक समांतर ओरखडे उमटतात. या कसोटीला पाटण्याचा नक्षीदार तुकडा उतरला, बाकीचे जवळजवळ सगळे गळाले. ज्यांनी ते तुकडे जमवले होते त्यांना हा निष्कर्ष जड गेला असणार, पण पाटण्याच्या तुकड्याचे वजन त्यानेच वाढले.

कवचाचे मणी मात्र शंकेच्या पलीकडचे आहेत. पाटण्याला ते मिळाले, आणि मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या एका शैलगृहात तर माणसाच्या दफनाजवळ मिळाले. मणी करण्याची रीत आफ्रिकेत अगदी अलीकडेपर्यंत चालू होती, त्यामुळे ती पायरीपायरीने माहीत आहे. फुटक्या कवचाचे आधी बोटाच्या पेराएवढे तुकडे पाडायचे. मग दगडाचे टोकदार टोचे दोन तळव्यांत किंवा काठीला बांधून फिरवत मधोमध भोक पाडायचे, अर्धे एका बाजूने आणि अर्धे दुसऱ्या बाजूने, म्हणजे शेवटच्या क्षणी तुकडा उडत नाही. भोक पडले की कडा टोचून ओबडधोबड गोल करायच्या. असे बरेच तुकडे एका दोरीत किंवा काडीवर घट्ट ओवायचे आणि सगळी माळ एकदम खरबरीत दगडावरच्या खोबणीत घासत राहायचे. घासता घासता सगळे मणी एका मापाचे होतात. कित्येक मणी भोक पाडतानाच फुटतात, त्यामुळे अर्धवट सोडलेला मणी सापडणे हा त्या जागी कारागीर बसल्याचा पक्का पुरावा ठरतो. अन्न शोधण्यात दिवस जाणाऱ्या माणसांनी एवढा वेळ गळ्यातल्या माळेसाठी काढला.

आता पक्ष्याच्या कुळाकडे वळू. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत आणि आयआयटी रुडकीत राजस्थान व मध्य प्रदेशातल्या कवचांतून प्राचीन डीएनए मिळवण्याचा प्रयत्न झाला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उष्ण देशात डीएनए लवकर नासतो, हाडांतून तो क्वचितच हाती येतो. पण कवच तयार होताना मादीच्या शरीरातले काही अंश स्फटिकांच्या आत कोंडले जातात आणि पाणी, जिवाणू तिथवर पोचत नाहीत. टांझानियातल्या लाएटोलीला तर अडतीस लाख वर्षांपूर्वीच्या शहामृगाच्या कवचात प्रथिनांचे अंश मिळाले आहेत. भारतीय कवचांतून मिळालेला डीएनएचा छोटासा भाग आजच्या आफ्रिकी शहामृगाशी ९२ टक्के जुळला. तुकडा लहान असल्याने त्यावर फार मोठे इमले उभारू नयेत, पण हे शहामृगच होते आणि आफ्रिकी शहामृगाच्या गोतातले होते, एवढे ठरले.

मग ते इकडे आले कसे? भारत पूर्वी आफ्रिकेला जोडलेला होता, गोंडवन हा महाखंड फुटला तेव्हा शहामृगांचे पूर्वज भारताच्या भूखंडावर बसून आले, असे एक उत्तर बरेचदा ऐकू येते. ते आकर्षक आहे, पण मला पटत नाही. भारत आफ्रिकेपासून सुटला त्याला दहा कोटींहून अधिक वर्षे झाली आणि शहामृगाच्या कुळाचे सर्वांत जुने ओळखता येणारे जीवाश्म आफ्रिकेत, सुमारे दोन कोटी दहा लाख वर्षांपूर्वीचे आहेत. तोवर भारत आशियाला येऊन धडकला होता, हिमालय उभा राहत होता. आफ्रिकेतून अरबस्तान, इराण असा कोरड्या गवताळ मुलखाचा सलग पट्टा होता आणि ताशी सत्तर किलोमीटर धावणाऱ्या पक्ष्याला त्या पट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या पूर्वेकडे सरकत येणे अवघड नव्हते. शहामृग चीन आणि मंगोलियापर्यंत पोचले होते, तिथेही त्यांची कवचे मिळतात. अरबस्तानातले शहामृग तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत होते. बंदुका आणि मोटारगाड्या आल्यावर ते शिकारीत संपले.

उडणे सोडून दिलेल्या पक्ष्यांच्या बाबतीत ‘सगळे एकाच पूर्वजाचे’ हा समज वारंवार फसला आहे. मादागास्करचा प्रचंड हत्तीपक्षी नामशेष झाला. त्याचा सर्वांत जवळचा नातलग शेजारच्या आफ्रिकेतला शहामृग नसून न्यूझीलंडचा कोंबडीएवढा किवी आहे, हे २०१४ मध्ये डीएनएवरून कळले. म्हणजे यांच्या पूर्वजांना पंख होते, ते उडत ठिकठिकाणी गेले आणि तिथे तिथे स्वतंत्रपणे जमिनीवर उतरले.

पेंग्विनांनी तेच समुद्रात केले. त्यांची जीवाश्मकथा शहामृगाच्या अगदी उलट बाजूने वाचता येते. १८५९ मध्ये थॉमस हक्सली यांच्यापुढे न्यूझीलंडहून आलेले पायाचे एकच हाड होते. त्यावरून त्यांनी आजच्या कुठल्याही पेंग्विनपेक्षा मोठा असा नामशेष पेंग्विन ओळखला. मग अंटार्क्टिकाजवळच्या सीमोर बेटावर १९०१ ते १९०३ मधल्या स्वीडिश मोहिमेला माणसाच्या उंचीला येणाऱ्या पेंग्विनांची हाडे मिळाली. त्या मोहिमेचे जहाज बर्फात चिरडून बुडाले होते आणि अर्जेंटिनाच्या नौकेने माणसांना वाचवून आणले. पेरूमध्ये ३ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या एका पेंग्विनच्या पिसांचे ठसे मिळाले. त्यांतल्या रंगद्रव्याच्या कणांवरून तो काळा-पांढरा नसून राखाडी आणि तांबूस तपकिरी होता असे २०१० मध्ये जाहीर झाले. २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरच्या गोट्यांतून निघालेल्या कुमिमानू फोर्डाइसी या पेंग्विनचे वजन दीडशे किलोच्या आसपास ठरवले गेले. तो ५ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. आज जिवंत असलेला सर्वांत मोठा एम्परर पेंग्विन चाळीस किलोही क्वचित ओलांडतो. आतापर्यंत माहीत झालेल्या पेंग्विनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती केवळ जीवाश्मांतून माहीत आहेत. आणि त्यांतले कितीतरी उबदार समुद्रांत राहत होते. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आणलेले पेंग्विन पाहताना लोकांना बर्फ आठवतो, पण ते हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या वाळवंटी किनाऱ्यावरचे आहेत. त्यांना हवे असते ते थंड, मासळीने भरलेले पाणी. आपला अरबी समुद्र त्यांच्या कामाचा नाही.

पेंग्विन हाडांवरून ओळखला जातो आणि भारतातला शहामृग कवचावरून, याला कारण दोघांचे जगणे आणि मरणे. पाण्यात बुडी मारता यावी म्हणून पेंग्विनची हाडे भरीव आणि जड झाली आहेत, आणि तो मेला की समुद्रतळाच्या गाळात पटकन झाकला जातो. शहामृग मरतो उघड्या माळावर. तरस, कोल्हे, गिधाडे हाडे फोडून पांगवतात, उरलेली उन्हातान्हात तडकतात. त्याच्या अंड्याला मात्र फुटल्यावर कुणी विचारत नाही. एका घरट्यात अनेक माद्या अंडी घालतात, एका अंड्याचे शेकडो तुकडे होतात, आणि ते जागच्या जागी वाळूत दबून राहतात. आंध्र प्रदेशातल्या प्रकाशम जिल्ह्यात असेच एक घरटे मिळाल्याचे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये जाहीर केले. वय सुमारे ४१,००० वर्षे, आणि दीड चौरस मीटर जागेत साडेतीन हजारांच्या आसपास तुकडे. पाटणे एका टोकाला आणि प्रकाशम दुसऱ्या टोकाला धरले तर मधे सगळे दख्खनचे पठार येते. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांची खोरी त्यातच आहेत.

त्या काळातले हे पठार आजच्यापेक्षा कोरडे होते. पृथ्वीवर हिमयुगाचा शेवटचा कडाका सुमारे २१,००० वर्षांपूर्वी पडला. ध्रुवांकडे बर्फ साचल्याने समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली गेला होता, कोकण-गोव्याचा किनारा बराच पश्चिमेला सरकला होता आणि मोसमी पाऊस क्षीण झाला होता. झाडे विरळ, गवत दूरवर, नजर क्षितिजापर्यंत पोचावी असा मुलूख. लांब मान आणि लांब पाय यांचा खरा उपयोग अशाच ठिकाणी. पुढे हवामान उबदार झाले, पाऊस वाढला, झाडी दाटली आणि शहामृगाला सोयीचा मोकळा माळ आक्रसला. त्यात माणसाची भर पडली. प्रौढ शहामृगाला पकडणे कठीण, पण घरटे जमिनीवर असते आणि एका अंड्यात दोन डझन कोंबडीच्या अंड्यांइतके अन्न मिळते. दरवर्षी घरटी लुटली गेली तर मोठ्या पक्ष्यांची संख्या शिकार न होताही घटत जाते. हवामानाचा वाटा किती आणि माणसाचा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला स्वतःला दोन्ही मिळून घडले असावे हे अधिक संभवनीय दिसते, कारण याहून कडक दुष्काळ आणि याहून ओले काळ शहामृगांनी आधी पचवले होते आणि तेव्हा अंडी उचलून नेणाऱ्या माणसांची गर्दी नव्हती. आज आपल्या गवताळ माळांवरचा माळढोक याच वाटेने चालला आहे. तोही जमिनीवर अंडे घालतो, बहुधा एकच.

या सगळ्या गोष्टी ज्या गाळात मिळतात तो गाळ मात्र वेगाने जातो आहे. नदीकाठची वाळू उपसली जाते, विटांसाठी मळईची माती नेली जाते, ओढ्यांच्या दरडी यंत्राने सपाट करून ऊस लावला जातो. गरजा खऱ्या आहेत, पण पंचवीस हजार वर्षे जागेवर राहिलेला थर एका दिवसात ट्रॅक्टरमधून भरावाला जाऊन पडतो आणि मग त्यातला तुकडा मिळाला तरी त्याचे वय आणि सोबत सांगता येत नाही. फूट यांना चिकदौलीला जीवाश्म मिळाले त्याला दीडशे वर्षे झाली. घटप्रभेच्या खोऱ्यातल्या दगडी हत्यारांवर नंतर डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी चांगले काम केले, पण पूर्वेकडच्या ओढ्यांकाठी रोज वावरणारे शेतकरी, गुराखी आणि शाळेची मुले जेवढे पाहतात तेवढे कुठलाही संशोधक पाहू शकत नाही.

म्हणून गोकाक, हुक्केरी, सौंदत्ती, रामदुर्ग या बाजूला ज्यांची शेते आहेत त्यांना एवढे सांगावेसे वाटते. पावसाळ्यानंतर ओढ्याची दरड ढासळते तेव्हा चुनखडीच्या खड्यांच्या थराकडे बघावे. दोन मिलिमीटर जाडीचा, पिवळट पांढरा, किंचित बाक असलेला, एका बाजूने गुळगुळीत आणि त्या बाजूवर बारीक खळगे असलेला तुकडा दिसला तर तो धुऊ किंवा घासू नये, आम्ल टाकून फसफसतो का ते पाहू नये. चुन्याचा खडाही फसफसतो, त्यातून काही कळत नाही आणि वरचा लेप मात्र जातो. तुकडा उचलण्याआधी शेजारी नाणे ठेवून फोटो काढावा, दरडीच्या वरच्या कडेपासून तो किती खाली आहे ते मोजावे, गटनंबर आणि ओढ्याचे नाव लिहून ठेवावे. मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूविज्ञानाच्या प्राध्यापकांना कळवावे. तुकडा कागदात गुंडाळून कोरड्या डबीत ठेवला की पुरे, प्लॅस्टिकच्या पिशवीत तो ओल धरतो.